शंकरनगर येईपर्यंत खुनी सापडला

रहस्यकादंबरीची शेवटची वीसेक पाने उरलेली असताना वाचकाशी कोणी बोलू नये, असा कायदा आपल्याकडे नाही आणि त्याची उणीव गेल्या आठवड्यात लोकमान्यनगरहून सीताबर्डीकडे येणाऱ्या मेट्रोत मला फार जाणवली. जमीनदाराला त्याच्याच वाड्यात विष कोणी दिले, हे आता कळणारच होते. माझा संशय धाकट्या सुनेवर होता. शेजारचे गृहस्थ बराच वेळ माझ्या पुस्तकात डोकावत होते.

"काय वाचून राहिले, भाऊ?"

"कादंबरी."

"कायची?"

"खुनाची."

"मग कोणी केला?"

"तेच बघतोय. शेवटी कळेल."

"शेवटी कळते ना? मग शेवटचंच पान पाहून घ्या ना! एवढी मगजमारी कायले करता?"

मी नुसता हसलो. आपल्याकडे हसण्याचा अर्थ होकार असा घेतात. "आणा इकडे," म्हणत त्यांनी पुस्तक अगदी मायेने माझ्या हातून काढून घेतले, चष्मा कपाळावर चढवला, अंगठा जिभेला लावला आणि ते मागच्या बाजूने कामाला लागले. शेवटच्या पानावर वकीलसाहेब आणि थोरली मुलगी गॅलरीत चहा पीत होते, त्यामुळे गृहस्थ नाराज झाले. "इथं तर नुसता चहाच आहे," असे पुटपुटत ते एकेक पान मागे सरकले आणि एकदम आख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दिवाणजी! दिवाणजीनं मारलं त्याले. औषधाच्या पुडीतून!"

समोरच्या बाईंनी कानातली वायर काढली. "कोणाले मारलं जी?"

"ते यांना विचारा. पुस्तक यांचं आहे."

त्या बाईंना दिवाणजींना फाशी झाली का, हेही हवे होते. माझ्या मौनाकडे त्यांनी तक्रारीच्या नजरेने पाहिले. शंकरनगर आले, तेव्हा गृहस्थांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "घ्या, सुटला तुमचा प्रश्न. आता निवांत बसा." त्यांच्या चेहऱ्यावर परोपकाराचे खरेखुरे समाधान होते आणि माझा राग अजून उतरला नाही तो त्या समाधानामुळेच.

१९५२ पासून लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप' हे नाटक चालू आहे. तिथे प्रयोग संपला की नट स्वतः प्रेक्षकांना विनवतात, की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आमच्या मेट्रोत दरवाजापासून दूर राहण्याची सूचना मिळते, खुन्याच्या नावापासून दूर ठेवण्याची सोय अद्याप झालेली नाही. ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० साली निघालेल्या त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत असे. त्या वाचकांचा मला हेवा वाटतो, कारण शेजारी कितीही उपकारी असला तरी शेवटचे पान छापूनच झालेले नव्हते.

बाकीच्या प्रकारांतही सुख आहे असे नाही. ऐतिहासिक कादंबरी चालू असली की माझी पाठ आपोआप ताठ होते आणि भाजीवाल्याशीही मी फर्मान सोडल्यासारखा बोलतो. त्यावर घरातून "महाराज, सिलिंडर संपलाय" असे उत्तर येते. शिवाय पाहुण्यांपैकी एकजण "हे सगळं खरं घडलंय का?" असे विचारतोच. रा. भि. गुंजीकरांनी १८७१ साली 'मोचनगड' लिहिली तेव्हाही त्यांनी शिवकाळ घेऊन कथा कल्पितच रचली होती, पण दीडशे वर्षांत पाहुण्यांचे समाधान झालेले नाही. करुण कादंबरी वाचताना मी रडतो आणि कुलरची हवा डोळ्यांत गेल्याचे सांगतो. डिसेंबरात हे कारण चालत नाही. भयकादंबरी मी मे महिन्याच्या दुपारीच हातात घेतो, कारण नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत कोणतेही भूत बाहेर पडणार नाही, असा माझा विश्वास आहे. आणि ज्या कादंबरीत नायकाला काहीच करावेसे वाटत नाही, ती वाचल्यावर मलाही काही करावेसे वाटत नाही. तो पुस्तकाचा परिणाम नसून मूळचा स्वभाव असल्याचे घरच्यांचे मत आहे.

हे सारे मी हसत सांगतो आहे, पण मनात अढी आहे. त्याच डब्यात एक तरुण मोबाईलवर मोठ्या आवाजात रील्स पाहत होता. त्याला कोणी "शेवटचीच पाहून घे ना" असे म्हटले नाही. कादंबरी वाचणारा माणूस मात्र रिकामाच बसलेला असतो, असा सर्वांचा समज आहे, आणि आता तो समज वाचनालयांतही पोचला आहे. मी ज्या वाचनालयाचा जुना सभासद आहे, तिथे कादंबऱ्यांची कपाटे जिन्याखाली सरकवली गेली, कारण मोकळ्या झालेल्या जागेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका झाली. मुलांबद्दल तक्रार नाही. नोकरीची चिंता त्यांना आहे आणि बसायला पंखा हवाच. परंतु वाकून, कपाळाला जिन्याची कड लावून घेत, टॉर्चच्या उजेडात पुस्तक शोधताना "काका, जरा हळू, पोरं अभ्यास करून राहिले" हे मी का ऐकून घ्यावे, ते मला कळत नाही.

म्हणून मी सध्या प्रत्येक कादंबरीला सामान्य अध्ययनाच्या एका जाड मार्गदर्शकाचे मुखपृष्ठ चढवतो. फरक थक्क करणारा आहे. परवा बँकेच्या रांगेत लोकांनी मला खुर्ची दिली. एका मुलाने अदबीने विचारले, "सर, तुम्ही क्लासमध्ये शिकवता का? यंदा कट-ऑफ किती जाईल?"

आत वाड्यातल्या विहिरीतून नुकताच एक हात वर आला होता. मी त्या ओळीवर बोट ठेवून गंभीरपणे म्हणालो, "गेल्या वर्षीपेक्षा वर जाईल."

त्याने ते मोबाईलमध्ये टिपून घेतले.