वेस्टर्न सिनेमे पाहून साप चावलेला माणूस वाचवता येत नाही

पावसाळी ट्रेक सुरू व्हायच्या तोंडावर ‘जुने वेस्टर्न सिनेमे : जगण्याची शाळा’ या नावाचा एक संदेश जोरात फिरतोय. वेस्टर्न म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या पश्चिमेत घडणारे, काउबॉय, घोडे आणि बंदुकांचे सिनेमे. माझ्या भाचीच्या ट्रेकच्या ग्रुपवरही तो आला आणि ग्रुप नेणाऱ्याने वर ‘सगळ्यांनी वाचून ठेवा’ असा शेरा मारला. म्हणून उत्तर देणं भाग आहे. संदेशात सात धडे आहेत. साप चावला तर चिरून विष चोखून काढा. जखम बंदुकीच्या दारूने डागा. तहान लागली तर निवडुंग कापून पाणी प्या. हल्ला हाच सर्वांत मोठा धोका, म्हणून तांड्याच्या बैलगाड्यांचं रिंगण करा. चांगला घोडा असेल तर सगळं निभावतं. एकटा खंबीर माणूस तगतो. आणि बंदूक कमरेला हवीच.

पहिला धडा जीव घेणारा आहे, म्हणून आधी तोच.

पडद्यावर दिसतं ते असं: गळ्यातला रुमाल दंशाच्या वर करकचून आवळायचा, चाकू जाळावर धरायचा, दातांच्या खुणांवर फुलीसारखे चरे द्यायचे, तोंड लावून ओढायचं आणि थुंकायचं. हे चालत नाही, कारण विष एखाद्या पिशवीत साठून राहत नाही. वाकड्या दातांनी ते खोल सोडलेलं असतं, काही क्षणांत आजूबाजूच्या ऊतींत पसरतं आणि दात बाहेर निघताच वरची छिद्रं मिटतात. २००४ साली अमेरिकेत हे मोजून पाहिलं गेलं. ‘ॲनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन’ या नियतकालिकात तो अभ्यास आहे. ८ निरोगी स्वयंसेवकांच्या पायात सुईने १ मिलिलिटर खोटं विष सोडलं, त्यात मोजता यावा असा किरणोत्सारी पदार्थ मिसळला होता. फक्त ३ मिनिटं थांबून बाजारात मिळणारा विष ओढायचा पंप लावला आणि १५ मिनिटं चालू ठेवला. बाहेर आलेल्या रक्ताळ पाण्यात सोडलेल्या विषाचा किती भाग निघाला? ०.०४ टक्के. जखमेवर नेमका बसणाऱ्या पंपाची ही गत, तर माणसाच्या तोंडाने काय होणार? तोंडातले जंतू मात्र जखमेत जातात.

आता सह्याद्रीतला प्रश्न. इथल्या विषारी सापांत घोणस आणि फुरसे आहेत आणि दोघांच्याही विषाने रक्त गोठायचं थांबतं. अशा माणसाच्या पायावर चाकूने चरे दिले, तर दंशाच्या जोडीला न थांबणारा रक्तस्राव तुम्हीच सुरू करून देता. रुमाल आवळला तर पुढच्या भागाचं रक्त तुटतं, ऊती मरतात, आणि तो सोडला की अडकलेलं विष एकदम अंगात जातं. मण्यार तर बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास अडतो. तिथे चिरणार कुठे?

मग सिनेमातला नायक कसा वाचतो? पटकथेमुळे तर खरंच, पण प्रत्यक्षातही रॅटलस्नेक या तिथल्या विषारी सापाचे बरेच दंश कोरडे असतात, म्हणजे दात लागतात पण विष उतरत नाही. असा माणूस काहीही न करता वाचतो आणि श्रेय चाकूला जातं. आपल्याकडच्या मंत्रांना आणि जडीबुटीला मिळणारं यशही याच हिशेबातलं आहे.

करायचं ते कंटाळवाणं आहे, पण तेच उपयोगी आहे. माणसाला खाली बसवा किंवा आडवं करा, चालू देऊ नका. अंगठी, कडं, पैंजण, घड्याळ, बूट लगेच काढा. सूज चढल्यावर निघत नाहीत. मोडलेल्या हाडाला आधार देतात तसा काठी-फळीचा आधार देऊन हात किंवा पाय स्थिर ठेवा, पट्टी सैल असू द्या. दंशाची वेळ लिहा, सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारून तिथेही वेळ लिहा. १०८ ला फोन करा आणि माणसाला उचलून न्या. सापाच्या मागे लागू नका. आपल्याकडचं प्रतिविष, म्हणजे विषावरचं इंजेक्शन, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही चालतं, साप दाखवावा लागत नाही. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय हे कळतं. प्रतिविषाच्या सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या लागतात आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही. प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ती आवरणारं ॲड्रेनॅलिन भरून शेजारी ठेवावं लागतं. पाठीवरच्या पिशवीत नेण्याची ही वस्तू नाही. ट्रेकच्या म्होरक्याने पाठ करायचं ते एवढंच: पायथ्यापासून प्रतिविष असलेलं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि तिथवर गाडी किती वेळात पोचते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. या विषयावर सिनेमातून आणलेला सल्ला पसरवणं मला अक्षम्य वाटतं.

कुणी म्हणेल, त्या काळचे लोक हेच करायचे. अमेरिकी लष्करातले कॅप्टन रँडॉल्फ मार्सी यांनी १८५९ साली, बैलगाड्यांचे तांडे करून पश्चिमेकडे वसायला जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात सर्पदंशावर त्यांची पहिली पसंती भरपूर दारू पाजण्याला आहे. जुनं आहे म्हणून बरोबर ठरत नाही.

बंदुकीची दारू जखमेत ओतून पेटवणं तितकंच वाईट. गोळी शरीरात कपड्याच्या चिंध्या आणि माती घेऊन जाते. वरून जाळलं की ती घाण आत कोंडते आणि जळालेलं मांस जंतूंना आयतं खाद्य होतं. खोल तुटलेली रोहिणी तशीच वाहत राहते. चाकूने गोळी उकरणंही सोडा. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली. देशातल्या नामांकित डॉक्टरांनी न धुतलेली बोटं घालून ती शोधली, आणि पुरती सडलेली जखम घेऊन १९ सप्टेंबरला ते गेले. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी १० मिनिटं सलग दाबा, मधे उचलून बघू नका. हातापायाचं रक्त तरीही थांबत नसेल, तर तिथे वर आवळपट्टी बांधणं योग्य आहे. सर्पदंशात नाही.

निवडुंगाचं पाणी हा निव्वळ मूर्खपणा आहे. अमेरिकेतल्या पिंपासारख्या निवडुंगाच्या आत पाणी नसतं, चिकट गर असतो. बहुतेक जातींत त्यात ऑक्झॅलेटं आणि अल्कलॉइडं ही पोटाला न सोसणारी रसायनं असतात. रिकाम्या पोटी तो गेला की मळमळ, उलट्या, जुलाब, म्हणजे उरलेलं पाणीही बाहेर. त्यातून ही झाडं नैर्ऋत्येच्या वाळवंटातली. हे तांडे पश्चिमेला ओरेगॉनकडे ज्या वाटेने जात, तिच्यावर त्यांचा आधार नव्हताच. आणि आपल्या डोंगरात तर थोर आणि शेर आहेत, जे मुळात या कुळातले नाहीत. कापले की पांढरा चीक येतो, तो कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर दिसायचं बंद होऊ शकतं. गेलाच तर १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि थेट डॉक्टर गाठा.

गाड्यांच्या रिंगणाबद्दल थोडं मान्य करावं लागेल. रिंगण खरंच होत असे. एका गाडीची दांडी पुढच्या गाडीखाली सरकवून साखळीने बांधत. पण ते मुख्यतः गुरांसाठी कुंपण होतं: संध्याकाळी बाहेर चारायचं, रात्री आत घ्यायचं. त्या रिंगणाभोवती घोडे दौडवत गोळ्या खाणारे योद्धे ही सिनेमाची गरज आहे. इतिहासकार जॉन अनरू यांनी १८४० ते १८६० या काळाचा हिशेब मांडला. मूळ अमेरिकी लोकांच्या हातून मेलेले प्रवासी ३६२; प्रवाशांच्या हातून मेलेले मूळ अमेरिकी ४२६. त्या २० वर्षांत वाटेवर एकूण मृत्यू मात्र त्यांच्या अंदाजाने १० हजारांच्या घरात. मारणारा होता कॉलरा, विशेषतः १८४९ पासून, त्याच वाटेवरच्या प्लॅट नदीच्या खोऱ्यात. एकाच तळावर तांडे मागून तांडे उतरायचे, शौच आणि पाण्याचे उथळ खड्डे शेजारी-शेजारी, आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्री पुरलेला. त्याखालोखाल नदी ओलांडताना बुडणं, गाडीच्या चाकाखाली येणं, आणि गाडीत भरून ठेवलेली स्वतःचीच बंदूक सुटणं.

घोड्याचं थोडक्यात. गाड्या बहुतेक बैल ओढत, काही खेचरं. बैल स्वस्त, नुसत्या गवतावर चालतो, चिखलात टिकतो. घोड्याला दाणा लागतो. वेग ताशी ३ किलोमीटर, दिवसाला २५ च्या आसपास, आणि ३२०० किलोमीटरच्या वाटेला ४ ते ६ महिने. गाडीला स्प्रिंग नव्हत्या, म्हणून बहुतेक माणसं चालतच गेली. कोरड्या हवेत चाकाचं लाकूड आकसून लोखंडी धाव सैल व्हायची. मग रात्रभर चाकं नदीत बुडवून ठेवायची आणि फटींत पाचरी ठोकायच्या. मार्सींच्या हिशेबात ११० दिवसांसाठी माणशी ६८ किलो पीठ, ११ किलो खारवलेलं डुकराचं मांस, ११ किलो साखर, ७ किलो कॉफी. तगणं या ओझ्यावर आणि निघायच्या तारखेवर ठरायचं. एप्रिलच्या आधी निघालात तर गुरांना गवत नाही, उशीर केलात तर डोंगरात बर्फ.

एकट्या खंबीर माणसाची गोष्ट कॅलिफोर्नियाला निघालेल्या डॉनर तांड्याने खोटी पाडली आहे. उशीर झालेला, त्यात न तपासलेली आडवाट धरलेली. १८४६ च्या हिवाळ्यात ते सिएरा नेवाडा डोंगररांगेत बर्फात अडकले. मदत आणायला बर्फातून निघालेल्या १५ जणांत १० पुरुष आणि ५ स्त्रिया होत्या. ८ पुरुष मेले, पाचही स्त्रिया पोचल्या. संपूर्ण तांड्यातही पुरुषांचे मृत्यू स्त्रियांपेक्षा जास्त आणि कुटुंब सोबत असलेले एकट्यांपेक्षा जास्त तगले. वाट तोडण्याची, बैल काढण्याची कामं करून पुरुष आधीच झिजले होते, आणि एकट्याला आजारपणात घासातला घास देणारं, शेकोटी जागती ठेवणारं कुणी नव्हतं.

राहिली कमरेची बंदूक. त्याच पश्चिमेतल्या डॉज सिटी या गावात शिरतानाच शस्त्र बाळगायला मनाई असल्याची पाटी होती. टूमस्टोनमध्येही १८८१ च्या वटहुकुमाने गावात शस्त्र घेऊन फिरायला बंदी होती, आणि २६ ऑक्टोबर १८८१ चा ओ. के. कोरलजवळचा तो प्रसिद्ध, अर्ध्या मिनिटाचा गोळीबार झाला तो गावचा मार्शल (पोलीस प्रमुख) आणि त्याचे साथीदार त्या बंदीखाली शस्त्रं काढून घ्यायला गेले तेव्हा.