जिभेचा पंचनामा

दाढेचा कोपरा तुटला तेव्हा आरशात जेमतेम मोहरीएवढी खाच दिसत होती. जिभेच्या म्हणण्यानुसार मात्र तिथे आडच खणलेला होता. जिभेला हाड नसते हे ठाऊक होते, पण तिला दुसरा उद्योगही नसतो, हे तेव्हा कळले. चार दिवस ती त्या जागेचा पंचनामा करीत राहिली आणि अखेर तिच्याच हट्टापायी मी दंतवैद्यांच्या खुर्चीत आडवा झालो.

कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचल्यामुळे नुसते सिमेंट भरून भागणार नव्हते. रूट कॅनल करून वर कॅप बसवणे भाग होते. दाढ काढूनच टाकली तर, असे मी धीर करून विचारले. तसे केल्यास एक तर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन धडधाकट दातांना घासून खांब करायचे आणि त्यांच्या आधाराने मधला खोटा दात उभा करायचा. शेजारधर्माची इतकी कडक व्याख्या मी पूर्वी ऐकली नव्हती. नाही तर इम्प्लांट, म्हणजे जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवून हाड त्याला घट्ट धरेपर्यंत बहुधा तीन ते सहा महिने थांबायचे. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकांना १९५० च्या दशकात सशाच्या पायात बसवलेले उपकरण निघता निघेना तेव्हा उमगले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात ते वापरले. सशाचे स्मरण करून मी रूट कॅनलला होकार दिला.

खालच्या दाढेला मुळे दोन असली तरी त्यांतल्या नलिका सहसा तीन असतात. माझ्या दाढेने चौथीही लपवून ठेवली होती आणि ती सापडल्यावर डॉक्टरांना झालेला आनंद मला, तोंड उघडेच असल्यामुळे, वाटून घेता आला नाही. बारीक फाइलींनी नलिका खरवडून, धुऊन त्यांत झाडाच्या चिकापासून होणारा गटापर्चा भरला गेला. मग कॅपला जागा हवी म्हणून, जिला वाचवायचे तीच दाढ चहूबाजूंनी घासून तिचा खुंट करण्यात आला.

कॅप बसवण्याच्या दिवशी दातांमध्ये निळा कागद आला. “चावा. आता घासा. उंच लागतेय?” “किंचित.” निळा ठिपका पडे, तेवढाच घासला जाई, पुन्हा कागद येई. पाचव्या ‘किंचित’नंतर डॉक्टरांचा चेहरा पाहून मी सारे समाधानकारक असल्याचे जाहीर केले.

जिना उतरेपर्यंत जिभेने नवी तक्रार दाखल केली: कॅप फारच गुळगुळीत आहे.