गवत कापलं म्हणजे धावपट्टी झाली का?

कच्च्या धावपट्टीवरच्या अपघातांच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. "घरात बसून लोकांना घाबरवू नका. कवलापूरचं गवत कापा, उद्या विमान उतरेल. चुका पायलटच करतात," असं तुम्ही सांगलीजवळच्या कवलापूरच्या जुन्या धावपट्टीबद्दल लिहिलंय.

एक मान्य. नेपाळमधल्या लुक्लाची धावपट्टी 527 मीटर आहे, मी फूट लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. पण 'घरात बसून' हे शब्द टाळता आले असते. अठरा वर्षं लहान विमानांची चाकं आणि ब्रेक खोलण्या-जोडण्यात गेलीत माझी. मतभेद जरूर मांडा, पण भाषा नीट ठेवा.

आता गवत. सेसना 172एस या चार आसनी लहान विमानाची पुस्तिका कोरड्या गवतावर उतरताना जमिनीवरची धाव 45 टक्के वाढवून धरायला सांगते. पाठीमागून वारा असेल तर दर 2 नॉटला (1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी) अंतर आणखी 10 टक्के वाढतं. मे महिन्यात सांगलीत पारा 40 वर असताना हवा विरळ असते. उतरताना वेगाचा काटा 65 नॉट दाखवतो, पण वारा नसला तरी विमान 70 च्या आसपास पळत असतं. वेग 8 टक्के वाढला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा 17 टक्के वाढते.

आणि हे सगळं खालची जमीन घट्ट असेल तर. काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं, पावसात चाक गिळतं. पुढच्या चाकाचा टायर जेमतेम 14 इंच व्यासाचा. तो बैलगाडीच्या 3 इंच खोल चाकोरीत आडवा गेला की नाक खाली जातं, चाक धरणारा फोर्क वाकतो, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या आडभिंतीच्या) पत्र्याला सुरकुत्या पडतात आणि पंख्याचं पातं मातीत घुसतं. पातं आपटलं की इंजिन पूर्ण उघडून तपासावं लागतं, बाहेरून कितीही धडधाकट दिसो. गवत कापल्याने चाकोरी फक्त दिसायला लागते, बुजत नाही.

पायलट चुकतात, हे मी कुठे नाकारलं? वेग जास्त ठेवतात, टेकताच ब्रेक दाबतात. मऊ जमिनीवर मागची चाकं आधी टेकवून, योक (विमानाचं सुकाणू) पोटाशी ओढून नाक शक्य तितका वेळ वर धरायचं असतं. हे मूळ लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही.

कवलापूरचा विमानतळ कोणी अडवला, या वादात मी पडत नाही.

गवत कापून घ्याच. मग पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, दर दहा पावलांवर टाच जोरात रोवा. टाच रुतली किंवा भेगेत पंजा गेला, तर तिथे खूण करा. मग खुणा मोजून मला कळवा.