डोमकळी

परवा एका मित्राचा फोन. व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात बोलायला ये म्हणाला, विषय 'येणारा बदल आधीच कसा ओळखायचा'. मला हसूच आलं. हातात दिलेली डोमकळी ज्याला ओळखता आली नाही, तो काय डोंबल बोलणार?

गोष्ट 2015 ची. अमळनेर तालुक्यात आमचं कृषी केंद्र आहे. पोळा होऊन गेला होता. ओळखीचे एक आप्पा रुमालात कपाशीची चार-पाच फुलं बांधून आले, काउंटरवर सोडली आणि म्हणाले, "भाऊ, हाई फूल उघडस नही. काय शे हाई?" पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या आवळलेल्या, आतून कुणी टाके घातल्यासारख्या. हीच डोमकळी. एक पाकळी सोडवली असती तर आत गुलाबी बोंडअळी सापडली असती. मी सोडवली नाही. "पाण्याचा ताण पडला असेल आप्पा," म्हणालो आणि टॉनिकची बाटली दिली. पैसेही घेतले.

दोन वर्षांनी, 2017 च्या हंगामात, गुलाबी बोंडअळीने खान्देशापासून विदर्भापर्यंत काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोंडं फोडली की आत किडकी कवडी. माझी उधारी त्या वर्षी बुडाली ती बुडालीच.

लोक म्हणतात, अचानक आलं. अचानक कसलं? बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या वाणाला, 2002 मध्ये परवानगी मिळाली, आणि 2010 मध्ये तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीनेच कबूल केलं की अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. पेपरात आलं होतं. आम्ही म्हटलं, ते जुनं एका जनुकाचं वाण, आपल्याकडे दोन जनुकांचं आहे. आणि गुजरात म्हणजे जणू सातासमुद्रापलीकडे! नंदुरबारच्या पुढे निघालं की लागतोच. 450 ग्रॅम बीटीच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साधं बियाणं यायचं, कडेने लावायला, म्हणजे अळीची ताकद वाढू नये. ती पाकिटं माझ्याच दुकानामागच्या उकिरड्यावर पडलेली मी रोज बघत होतो. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, मार्चपर्यंत उभी, म्हणजे अळीला बारमाही खानावळ. जिनिंगमध्ये सरकीचे ढीग, त्यात तिचा मुक्काम. इतकं सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं.

इगॉर अॅन्सॉफ नावाच्या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने 1975 मध्ये येणाऱ्या बदलाच्या अशा अंधुक खुणांवर लिहिलं. खूण स्पष्ट होईपर्यंत थांबलात तर हातात करण्यासारखं फार थोडं उरतं, हा त्याचा मुद्दा. पटतो. पण माझ्या दुकानात खूण अंधुक नव्हती. ती मान्य केली असती तर गल्ल्याला झळ बसली असती, म्हणून मी ती अंधुक करून घेतली.

आमच्या गावाचंच दुसरं उदाहरण. 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. शेअर जपून ठेवलेली घरं इथे आहेत, आणि विकून बसलेली घरं त्यांच्याकडे बघत असतात, ते असो. अझीम प्रेमजी 1966 मध्ये एकविसाव्या वर्षी गादीवर बसले. 1977 नंतर आयबीएम ही संगणक कंपनी भारतातून बाहेर पडली आणि तूप-साबणवाल्यांनी संगणकात हात घातला. याला लोक दूरदृष्टी म्हणतात, जणू माणूस कुंडली मांडून बसला होता. आयबीएम जाणार हे काही गुपित नव्हतं, छापून येत होतं. ते वाचून 'मग आपलं काय?' असं विचारणं, तेही तुपाच्या धंद्यात बसून, हे मला जास्त अवघड वाटतं.

2018 पासून मी एक वही ठेवली आहे. गिऱ्हाईक जे मागतं आणि माझ्याकडे नसतं, जे विचारतं आणि मला सांगता येत नाही, ते तारखेसह लिहायचं. तीन वेगळ्या गावांच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी तेच विचारलं की दुसऱ्या दिवशी शटर खाली आणि मी बांधावर. बऱ्याच नोंदी फुसक्या निघतात. पूर्वी सफेद मुसळी ही औषधी वनस्पती लावायची आणि इमू पक्षी पाळायची लाट आली, तेव्हा हुशार माणसंही फसली. त्यातून एक फरक कळला. फुसकी लाट येते तेव्हा हॉल बुक असतो, चहा-नाश्ता असतो, 'माल आम्हीच परत घेऊ' म्हणणारा कोट घातलेला माणूस असतो. डोमकळी रुमालात आली, आणि ती विकायला कुणी आलं नव्हतं.

सध्या वहीत काय आहे? कापूस वेचायला माणूस मिळत नाही, ही तक्रार पानोपानी. हरभऱ्याचं मशीन कुठे मिळेल, ही विचारणा. आणि मका, मका, मका. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं, त्यात मक्याचा वाटा मोठा, हे गिऱ्हाईकच मला समजावून सांगतं. उद्या धोरण फिरलं तर हेच गिऱ्हाईक माझ्याकडे बघेल, हेही मला दिसतं. मक्यावर उडी मारा असं मी कुणाला सांगत नाही.

गेल्या आठवड्यात कंपनीचा माणूस कपाशीच्या पाकिटांचं बुकिंग घ्यायला आला. मी गेल्या वर्षीच्या निम्मा आकडा लिहून सही केली. पोरगा तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. त्याच्या मते, म्हाताऱ्याला एकदा अळी चावली, तेव्हापासून सगळीकडे अळीच दिसते.

त्याचंही म्हणणं वहीत लिहून ठेवलंय. तारखेसह.