दोनशे साठ रुपयांचा अर्धचंद्र

गेल्या शनिवारी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मला एक निपर, म्हणजे तार कापायची छोटी पक्कड, विकत घ्यावा लागला. 'घ्यावा लागला' असे म्हणतो, कारण तो मी निवडला नव्हता, मला तो नको होता आणि त्याच्या धारेला जी अर्धचंद्राकृती खाच पडली आहे तीही मी पाडलेली नाही. ज्यांनी ती पाडली ते गृहस्थ त्या वेळी माझ्याच शेजारी उभे राहून "बघा, तुटली की नाही?" असे विचारत अत्यंत समाधानाने हसत होते.

गिटारला सहाच तारा असतात आणि त्या बदलायला काही लागत नाही, असे ज्यांनी कधी तारा बदलल्या नाहीत ते लोक सांगतात. वस्तुस्थिती अशी की खुंटीमागच्या दातेरी चाकाचे प्रमाण साधारणपणे 14:1 असते. म्हणजे कळ चौदा वेळा फिरवावी तेव्हा तारेचा एक वेढा सुटतो. प्रत्येक तारेचे तीन वेढे धरले तर सहा तारा सोडवायला 252 वेळा आणि नव्या चढवायला पुन्हा तितक्याच वेळा मनगट फिरवावे लागते. म्हणून वाइंडर नावाचे छोटे हँडल हवे. तारेचे खालचे टोक ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या पट्टीच्या, भोकात ज्या पिनेने दाबून बसवलेले असते, ती पिन पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखी हट्टाला पेटते आणि पक्कड लावून ओढली तर प्लास्टिकवर दातांचे वळ उठतात; ती उचलण्यासाठी वाइंडरच्याच टोकाला एक खाच दिलेली असते. राहिला प्रश्न वेढे घालून झाल्यावर उरणारी तारेची शेपटी कापण्याचा. माझे सगळे दुःख या शेपटीत आहे.

वाइंडर मला वाद्यांच्या दुकानात तारांबरोबरच मिळाला. कटर मात्र "आम्ही ठेवत नाही" असे सांगण्यात आले. गिटार इथेच आणून द्या, आम्ही तारा बदलून देऊ, मजुरी वेगळी पडेल, अशी पुस्तीही जोडण्यात आली. याच दुकानाने गिटार विकताना तिच्याबरोबर पिशवी दिली होती, पट्टा दिला होता, तारा छेडायचे मूठभर प्लेक्ट्रम दिले होते आणि दुकानाच्या नावाचे स्टिकरही दिले होते. तारा विकायच्या आणि त्या कापायचे हत्यार ठेवायचे नाही, यातली व्यापारी दूरदृष्टी मला समजते, पण ती मला आवडावी अशी अपेक्षा कोणी करू नये.

कटर निवडणे ही दिसते तितकी साधी गोष्ट नाही. माझ्या गिटारवर ज्या जाडीचा संच चढतो त्यातली पहिली तार 0.012 इंचाची, म्हणजे सुमारे 0.30 मिलिमीटरची असते आणि सहावी 0.053 इंचाची, म्हणजे सव्वा मिलिमीटरहून थोडी अधिक. पहिल्या दोन तारा उघड्या पोलादाच्या असतात. उरलेल्या चार वरून तांबूस आणि मऊ दिसतात, कारण त्यांच्यावर फॉस्फर ब्राँझचे बारीक वेटोळे असते. पण आत तेच कडक, पियानोच्या तारेच्या जातीचे पोलाद असते. विजेच्या कामासाठी मिळणारे नाजूक निपर तांब्याच्या तारेसाठी घडवलेले असतात. ते ही तार एकदा कापतात, पण कापताना स्वतःच्या धारेला खाच पाडून घेतात आणि पुढच्या वेळी तार नेमकी त्या खाचेत बसून नुसती वाकते. याउलट घरातली मोठी पक्कड कापते झकास, परंतु तिचे जाडजूड नाक दोन खुंट्यांच्या मध्ये शिरत नाही, आणि मग खुंटीपाशी अर्धा इंच शेपटी उरते, जी सूर लावताना सुईसारखी बोटात घुसते. तेव्हा हवा तो निमुळत्या तोंडाचा, कडक तारेसाठी पाणी दिलेल्या धारेचा साइड कटर. दुकानदाराला नेमकी कल्पना यावी म्हणून जुन्या सहाव्या तारेचे वेटोळे मी खिशात घालून नेले होते.

"शेठ, कडक पोलादी तार कापणारा साइड कटर दाखवा. लहान तोंडाचा."

"कशासाठी पाहिजे?" शेठने वहीतून मान वर न काढता विचारले. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात वस्तूच्या आधी हेतू सांगावा लागतो.

"गिटारच्या तारांसाठी."

हे ऐकताच गल्ल्याशेजारी उभे असलेले एक गृहस्थ माझ्याकडे पूर्ण वळले. वय सत्तरीच्या अलीकडचे, शर्टाच्या खिशाला दोन पेने आणि हातात घडी केलेला रुमाल, ज्यात नळाचा एक जुना वॉशर नमुन्यादाखल गुंडाळून आणलेला होता. त्यांचे काम तेवढेच होते. त्यांना तसाच नवा वॉशर हवा होता आणि तो शोधायला पोऱ्या माळ्यावर चढला होता. म्हणजेच त्यांच्याकडे वेळ होता.

"मुलगा शिकतो का?"

"नाही, मीच शिकतोय."

"आता?"

या 'आता'बद्दल मला थोडे बोलायचे आहे. माणसाने पन्नाशीत साखर तपासावी, गुडघ्याला तेल लावावे, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून भांडावे, हे सगळे समाजाला मान्य आहे. त्याने फुलझाडे लावली तरी चालते. पण त्याने एखादे वाद्य हातात घेतले की घरात काही बिनसले आहे की काय, अशा नजरेने लोक पाहू लागतात. हार्मोनियम असती तर भजनी मंडळाच्या नावाखाली खपून गेली असती. गिटारला तीही सोय नाही.

"आडवी की उभी?" गृहस्थांनी पुढचा प्रश्न टाकला. त्यांच्या तरुणपणी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार बरीच चालत असे, हे मला ठाऊक होते.

"तिरपी," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

"तारा तुटल्या?"

"नाही, गंजल्यात. आवाज बसलाय त्यांचा."

"मग बदलता कशाला? रॉकेलने पुसा. नाही तर सरळ सोड्याच्या पाण्यात उकळा. आमच्याकडे चहाची गाळणी उकळतात, नवी दिसते अगदी."

यावर मी गप्प बसलो. त्याचे कारण सांगतो. बोटांचा घाम आणि मळ वेटोळ्यांच्या फटींत साचला की तारेचे वजन ठिकठिकाणी कमीजास्त होते, ती सरळ कंप पावत नाही आणि वरच्या पट्ट्यांवर बेसूर होऊ लागते. बेस गिटारच्या तारा महाग असतात, म्हणून ती वाजवणारे अनेक लोक त्या खरोखरच पाण्यात उकळून काढतात, आणि काही दिवसांपुरता त्यांचा आवाज परत येतोही. म्हणजे गृहस्थ काहीही न जाणता बरोबर बोलले होते. न जाणता बरोबर बोलणाऱ्या माणसाला त्याच्या चुकांबद्दल काहीही सांगता येत नाही.

"आणि हत्यार कशाला लागतं? मिरजेला जाऊन बघा. सतारीच्या तारा हातानं चढवतात लोक."

हेही खोटे नव्हते. सतारीच्या लाकडी खुंट्या नुसत्या घर्षणावर उभ्या असतात. तिथे दाते नाहीत, चाक नाही आणि वाइंडरही लागत नाही. परंतु तिथेही तरफेची, म्हणजे मुख्य तारांखालची, तार दांडीतल्या बारीक भोकातून बाहेर ओढायला आकडा लागतोच, आणि तो आकडा घेऊन बसलेल्या कारागिराला "कशासाठी पाहिजे?" असे विचारायची कोणाची छाती होत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. मी मात्र बोहरी आळीत साध्या कटरसाठी तोंडी परीक्षा देत होतो.

एवढ्यात शेठने पुठ्ठ्यावर लावलेला लाल मुठीचा एक निपर माझ्यापुढे टाकला. हा कापतो ती तार कोणती, किती जाडीची, मऊ की कडक, यातले काहीही पुठ्ठ्यावर छापलेले नव्हते. फक्त 'हाय क्वालिटी' असे छापलेले होते.

"हा तांब्याच्या तारेचा आहे. मला कडक तारेचा हवाय," मी म्हणालो.

"तार ती तार," गृहस्थ म्हणाले. "आणा इकडे."

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातातले वेटोळे घेतले, दुसऱ्या हाताने निपर पुठ्ठ्यावरून ओढून काढला, आणि तार जबड्याच्या मुळाशी न धरता थेट टोकाशी, जिथे धार सगळ्यात पातळ असते तिथे, धरली. "काका, थांबा" हे माझे शब्द हवेत असतानाच त्यांनी दोन्ही हातांनी मुठी आवळल्या. आधी तांबूस वेटोळे चिरडून बाजूला झाले. मग आतले पांढुरके पोलाद दिसले आणि क्षणभर दोन्ही बाजूंनी कोणीच माघार घेईना. गृहस्थांची मान थरथरू लागली. मग 'टक्' असा आवाज झाला आणि तारेचा तुकडा उडून स्क्रूंच्या खोक्यात दिसेनासा झाला.

"बघा, तुटली की नाही?"

मी निपर उचलून ट्यूबलाइटसमोर धरला आणि तोंड मिटवले. दोन्ही धारा जुळत होत्या, फक्त टोकापासून थोडे आत एक स्वच्छ गोल भोक होते आणि त्यातून उजेड येत होता. शेठनेही मान वाकडी करून ते भोक पाहिले. त्यांनी निपर माझ्या हातातून घेतला, कॅरीबॅगमध्ये टाकला आणि म्हणाले, "दोनशे साठ."

"अहो, पण मी हा मागितलाच नव्हता!"

"तार तुमची होती ना?"

"तार माझी होती, पण कापली यांनी."

"यांना वॉशर पाहिजे," शेठ म्हणाले, आणि हा मुद्दा त्यांच्या दृष्टीने संपला. निपरच्या प्रकरणात पक्षकार तोच, ज्याला निपर हवा आहे; वॉशरवाल्या माणसाचा निपरशी संबंध येतोच कुठे? या न्यायात मला अजूनही फट सापडलेली नाही आणि त्यामुळेच तो मला अधिक डाचतो आहे.

"चालेल हो," गृहस्थांनी मध्यस्थी केली. "एवढीशी तर खाच आहे. बाकी धार शाबूत आहे की."

याच वेळी पोऱ्या माळ्यावरून वॉशर घेऊन उतरला. गृहस्थांनी तो रुमालातल्या नमुन्यावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला, वॉशर डोळ्यांजवळ नेला, कडेवरून अंगठा फिरवला आणि परत गल्ल्यावर ठेवला. "याची कड जरा खराब आहे. दुसरा दाखवा." आणि शेठने, माझ्याकडून दोनशे साठ रुपये घेता घेता, पाच रुपयांच्या त्या वस्तूसाठी पोऱ्याला पुन्हा माळ्यावर पाठवले.

खरे तर माझा राग गृहस्थांवर तितकासा नाही. राग आहे तो त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर. चांगले कारखाने कटरवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात मऊ तार, मध्यम तार, कडक तार आणि पियानोची तार यांची कापता येण्याजोगी जाडी मिलिमीटरमध्ये वेगवेगळी देतात, म्हणजे हत्यार काय करू शकत नाही हे घेणाऱ्याला आधीच कळते. आपल्याकडे किरकोळ विक्रीच्या मालावर याची गरज कोणाला वाटत नाही, आणि गिऱ्हाइकाने विचारलेच तर तो चिकित्सक ठरतो. जो विचारत नाही तो खाच पडलेले हत्यार वर्षानुवर्षे वापरतो आणि 'हल्ली माल चांगला येत नाही' म्हणत राहतो. कडक तारेचा साइड कटर त्याच दुकानात मागच्या फळीवर होता, हे आणखी संतापजनक. सहा इंची, निमुळता, मुठीच्या मुळाशी जाडीचे आकडे कोरलेले. तो काढून द्यायला शेठला अर्धे मिनिट लागले. किंमत 640 रुपये.

"एवढ्यात तारांचा नवा संच येईल!" गृहस्थ म्हणाले. पुन्हा बरोबर. मी पैसे दिले आणि पायरी उतरलो, तेव्हा मागून त्यांचा शेवटचा सल्ला आला, "सैल करत बसू नका हो, ताणलेलीच कापा, पटकन तुटते!" पूर्ण सुरात लावलेल्या सहा तारांचा एकत्र ताण 70 किलोंच्या वर भरतो. त्यातली एक तार अचानक कापली तर ती कोणाच्या तोंडाकडे झेपावेल, हे त्यांना दाखवून द्यावे असे क्षणभर मनात आले होते.

साइड कटर उत्तम निघाला. शेपट्या खुंटीला चिकटून कापल्या गेल्या, बोटे शाबूत राहिली. एक पिन तेवढी वाइंडरला दाद देईना, तेव्हा गिटारच्या पोटात हात घालून पाच रुपयांच्या नाण्याने तिला आतून वर ढकलली. हे हत्यार कोणत्याही दुकानात 'कशासाठी?' न विचारता मिळते. निपर सध्या स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्यांचे कोपरे कापतो, आणि तिथेही त्याच्या खाचेशी आलेला प्लास्टिकचा पापुद्रा न कापता तसाच लोंबत राहतो.

तो परत करता येईल का, हे पाहायला मी बिल काढले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, एवढे मला माहीत होते. मात्र दोष मालात नसून गिऱ्हाइकाशेजारच्या गृहस्थांत असेल तर काय करावे, याचे कलम मला सापडले नाही. बिलाच्या तळाशी 'माल तपासून घ्यावा' असे छापलेले होते, आणि त्यापुढे शेठने निळ्या पेनने बरोबरची ठसठशीत खूण केलेली होती.