खुलासा: उरुशीच्या भांड्यांना ऊन दाखवू नका

‘जपानी लाखकामाला अधूनमधून ऊन द्या, चकाकी टिकते; संग्रहालयातला मंद उजेड नुसता देखाव्यासाठी’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे.

जपानी लाखकाम ज्याने करतात तो उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्यांपासून मिळते, ती वेगळी. उरुशी उन्हात वाळत नाही. २०-२५ अंश आणि ७०-८० टक्के आर्द्रतेच्या बंद कपाटात चिकातलं विकर (एन्झाइम) हवेतला ऑक्सिजन घेऊन थर घट्ट करतं. कोरड्या हवेत तो चिकटच राहतो.

घट्ट झालेल्या थराचं उन्हातल्या अतिनील किरणांशी मात्र वैर: पृष्ठभाग निस्तेज होतो, बारीक भेगा पडतात. पॉलिशने त्या भरत नाहीत. म्हणूनच संग्रहालयांत साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड. फार कोरड्या हवेत आतलं लाकूड आकसतं आणि थर सुटतो, ते निराळंच.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नका.