वाऱ्यावर सोडलेला धूर

जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या थोरल्या भावाने चेंबूरच्या घराच्या गॅलरीतून काढलेले छायाचित्र पाठवले. समोरच्या मैदानापलीकडची बांधकामे दिसत नव्हती आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत होते. खाली दादाने लिहिले होते, ‘तुमच्या लंडननेही असाच धूर खाल्ला. आधी पोट भरले, मग हवा धुतली. आमचीही पाळी येईल.’ आग्नेय लंडनमध्ये एकवीस वर्षे राहिल्यानंतर हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की ते दादाचे एकट्याचे नाही, हे मला ठाऊक आहे. मुलीला खोकला झाला म्हणून डॉक्टरांकडे रांग लावणारा शेजारीही तेच म्हणतो आणि रिअल इस्टेटवाला तर म्हणणारच. या वाक्यात ‘मग’ हा शब्द फार मोठे ओझे वाहतो. त्या ‘मग’मध्ये काय घडले, ते मात्र कोणी सांगत नाही.

१९५२ च्या डिसेंबरमध्ये, ५ ते ९ तारखेदरम्यान, लंडनवर थंड हवेचा थर बसून राहिला आणि त्यावर उबदार हवेचे झाकण पडले. वारा थांबला. घराघरांतल्या शेकोट्या, कारखाने आणि टेम्सकाठची वीजकेंद्रे मात्र कोळसा जाळतच राहिली. युद्धाच्या कर्जफेडीसाठी चांगला कोळसा परदेशी जात होता आणि घरच्या शेकोटीला हलक्या प्रतीचा, गंधकाने भरलेला कोळसा मिळत होता. धूर आणि धुके मिळून जे होते त्याला मराठीत ‘धुरके’ असा नेमका शब्द आहे. त्या पाच दिवसांत त्यातल्या सल्फर डायऑक्साइडचे थेंबाथेंबात आम्ल झाले आणि माणसे घरात बसूनही गुदमरली. तेव्हा सुमारे ४,००० मृत्यू मोजले गेले, पुढच्या संशोधनाने हा आकडा १२,००० पर्यंत नेला. सरकारने आधी बरेचसे खापर इन्फ्लुएन्झाच्या साथीवर फोडले. तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी एका टिपणात लिहिले होते की आपल्याला फारसे काही करता येणार नाही, पण आपण फार कामात आहोत असे दाखवता तरी येईल. मुंबईच्या रस्त्यांवर धुक्यासारखे पाणी फवारत फिरणाऱ्या गाड्या पाहिल्या की मला हे टिपण आठवते.

समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष सर ह्यू बीव्हर यांनी धूर ही अपरिहार्य गोष्ट नाही असे ठासून मांडले आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. चार वर्षे लागली, आणि तीही हजारो माणसे गेल्यावर. काजळी कमी झाली, हे खरे. पण कथा इथेच संपवली तर दादाचे म्हणणे बरोबर ठरते, म्हणून पुढचे सांगितले पाहिजे.

शहरातला धूर कमी झाला तेव्हा गंधक कुठे गेले नव्हते. वीजकेंद्रे शहराबाहेर गेली, त्यांच्या चिमण्या शेकडो फूट उंच झाल्या आणि वाऱ्याने तो धूर उत्तर समुद्रापलीकडे नेला. १९६७ मध्ये स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वान्ते ओदेन यांनी दाखवून दिले की स्कँडिनेव्हियातल्या तळ्यांचे पाणी आम्ल होते आहे आणि मासे मरत आहेत, आणि त्यामागे ब्रिटन व मध्य युरोपातल्या चिमण्या आहेत. आम्लाने जमिनीतले ॲल्युमिनियम सुटून पाण्यात उतरते आणि माशांचे कल्ले निकामी करते. जंगलातल्या मातीतले कॅल्शियम धुऊन जाते. सीमा ओलांडणाऱ्या प्रदूषणावर करार होण्यासाठी १९७९ उजाडले. गोड्या मसाल्यात आपण घालतो त्या दगडफुलाच्या कुळातल्या अनेक जाती ब्रिटनच्या शहरांतून नाहीशा झाल्या होत्या. दगडफुलाला मुळे नसतात, ते हवेतूनच सारे घेते, म्हणून हवा बिघडली की तेच आधी जाते. आता आमच्या जुन्या विटांच्या भिंतीवर ते पिवळ्या-करड्या चट्ट्यांनी परत आले आहे. गंधक तर इतके कमी झाले की मोहरीच्या कुळातल्या तेलबियांना ते खतातून द्यायची वेळ इथल्या शेतकऱ्यांवर आली. यातले काहीही आपोआप घडले नाही. चिमणी उंच करून भागत नाही, चिमणीतच गंधक अडवावे लागते, हे स्वीडनने आणि इतरांनी वर्षानुवर्षे भांडून ब्रिटनच्या गळी उतरवले तेव्हा घडले.

मुंबईला चिमण्यांइतकाच भरवसा वाऱ्याचा होता. दुपारी समुद्रावरून खारे वारे यावेत आणि रात्री मतलई वाऱ्यांनी दिवसभराची घाण दर्यात लोटावी, ही शाळेच्या भूगोलातली व्यवस्था आपण नगररचनेचा भाग मानली. हिवाळ्यात हे वारे मंदावतात आणि हवेचा थर खाली उतरतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात असे दिवस लांबले. त्याचा संबंध अभ्यासकांनी ला निनाशी, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी थंड होण्याच्या घटनेशीही जोडला. पण वाऱ्याने धूर तयार केला नव्हता. पुनर्विकास, मेट्रो, किनारी रस्ता, भंगार जाळणे, डिझेलचे ट्रक, तुर्भे-माहुलच्या रिफायनऱ्या आणि देवनारचा कचरा, हे सारे आधीपासूनच चालू होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेण्याच्या काही दिवस आधी, पालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. ७० मीटरहून उंच इमारतींभोवती ३५ फुटी पत्रे, हिरवे कापड, पाण्याचे फवारे. धूळ खाली बसवायला हे उपाय बरे आहेत. पण फुफ्फुसाच्या तळापर्यंत उतरणारे, अडीच मायक्रॉनहून लहान असे कण बहुतांशी जळणातून येतात, आणि त्यातले कितीतरी कण वायूंपासून हवेतच तयार होतात. हिरवे कापड त्यांच्यासाठी नसल्यासारखेच आहे.

आपल्याकडे काही झालेच नाही असे मात्र मी म्हणणार नाही, कारण महाराष्ट्रातच त्याचे उत्तम उदाहरण आहे. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणारे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र डहाणूत, चिकूच्या वाड्यांच्या शेजारी उभे राहिले. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, त्याने पाठपुरावा सोडला नाही आणि २००७ मध्ये तिथे धुरातले गंधक काढणारी यंत्रणा बसली. त्यासाठी मुंबईकराचे वीजबिल आवाक्याबाहेर गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. २०१५ मध्ये देशातल्या साऱ्या कोळसा केंद्रांना ही यंत्रणा बसवण्याचा नियम झाला, मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच दिली. भारतातल्या कोळशात गंधक कमी असते, असा युक्तिवाद झाला. कमी असते हे खरेच, पण जाळला जाणारा कोळसा इतका आहे की बेरीज कमी राहत नाही. आपले सरकार आज तेच करत आहे जे ब्रिटनने साठच्या दशकात केले: उंच चिमणी, आणि बाकी वाऱ्यावर. फरक एवढाच की इथला धूर उत्तर समुद्र ओलांडत होता, आपला बराचसा आपल्याच शेतांवर उतरतो.

आता माझ्या अंगणातले. लंडनने कोळसा सोडला आणि डिझेल धरले. २००१ पासून कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर गाड्यांचा कर ठरू लागला, डिझेल गाड्यांना त्याचा फायदा मिळाला आणि रस्त्याकडेच्या हवेतले नायट्रोजनचे ऑक्साइड अपेक्षेइतके घटले नाहीत. आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा २०१३ मध्ये दम्याने गेली. २०२० च्या डिसेंबरमध्ये तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची अधिकृत नोंद झाली, ब्रिटनमधली पहिली. तरीही जुन्या गाड्यांना रोज साडेबारा पौंड आकारणारे क्षेत्र ऑगस्ट २०२३ मध्ये साऱ्या लंडनभर वाढवायचे ठरले तेव्हा माझ्याच गल्लीत शिव्या ऐकू आल्या, आणि जुलैमधली पश्चिम लंडनमधल्या अक्सब्रिजची पोटनिवडणूक या एका प्रश्नावर फिरली. जुनी गाडी मोडीत काढायचे अनुदान सुरुवातीला मोजक्यांनाच होते. ते सर्व लंडनकरांना खुले झाले ते या निवडणुकीनंतर, क्षेत्र वाढण्याच्या आठवडाभर आधी. सावळागोंधळ फक्त आपल्याकडे असतो असे नाही.

दादाला हे सारे फोनवर सांगितले. तो हसून म्हणाला, ‘अगं, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितले. कोपऱ्यावरच्या पाववाल्याने गॅसची भट्टी कुठल्या पैशाने घ्यायची? पाव महागला की तूच सगळ्यांत आधी कुरकुरशील.’

हा प्रश्न ज्या चर्चेत नसतो, ती चर्चा मला हल्ली अर्धवट वाटते. १९५६ च्या कायद्यात धूर नियंत्रण क्षेत्र ठरवले की तिथल्या घरमालकाला शेकोटी बदलावी लागे. त्या खर्चाच्या दहा हिश्शांपैकी चार सरकार देई, तीन पालिका आणि तीनच घरमालक. हे दादाला सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पालिकेचे तीन हिस्से आमच्याकडे कोण देणार, ते आधी विचारून सांगतो.’